जिभेखालचा खडा

गाव कड्यावरच्या मोहोळांना भीत होतं आणि मोहोळं गावाला भीत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली, ते कुणी सांगत नाही. टाकेदरीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ती हात उडवतात आणि म्हणतात, आमच्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितली, आता तूच मोज.

टाकेदरी म्हणजे डोंगराच्या कुशीतलं तीसेक घरांचं गाव. पाठीशी उभा कडा. कड्याच्या मधोमध एक कपार आणि कपारीत खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. विहिरी आटल्या, ओढा आटला, तरी त्या टाक्यातला झरा आटत नसे. टाकं भरलं की पाणी काठावरून सांडायचं, कड्यावरून खाली यायचं आणि बाया पायथ्याच्या कुंडात घागरी बुडवायच्या. पण त्याच कपारीच्या कपाळावर आग्या माशांची सात मोहोळं लटकत. एकेक मोहोळ दाराच्या फळीएवढं. दुरून पाहिलं तर कड्यानं काळी घोंगडी वाळत घातली आहेत असं वाटे. पाणी त्यांच्या खालून यायचं, म्हणून गाव कड्याखाली हळू बोले, हळू चाले, आणि लेकरू रडायला लागलं तर आई पदराचा बोळा त्याच्या तोंडाशी धरी.

अशा गावात सुभान जन्मला, आणि त्याला एक क्षण स्वस्थ बसता येत नसे. पाळण्यात होता तेव्हा पाळणा आपोआप हले, असं म्हणतात. पंगतीत बसला तर त्याच्या मांडीच्या धक्क्यानं शेजाऱ्याची आमटी सांडे. कीर्तनात बसला तर बुवा गाणं थांबवून म्हणत, "त्या पोराला आधी बाहेर न्या, मग देव आत येईल." सगळं गाव त्याला चुळबुळ्या म्हणे. त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटा भाऊ होता, हैबती. तो मात्र कुणी दादाला चुळबुळ्या म्हटलं की दगड उचली. हैबतीचं असंच होतं. आधी हात उठायचा, मग तोंड, आणि विचार सगळ्यांत शेवटी, तोही आलाच तर.

एका उन्हाळ्यात बाप राणोजी दोघांना घेऊन कुंडावर गेला. सुभान तेव्हा अठरा वर्षांचा होता. पाणी भरताना एक माशी आली आणि त्याच्या मानेवर बसली. नुसती बसली. चावली नव्हती. राणोजी डोळ्यांनी म्हणाला, हलू नको. पण हलू नको हे सुभानला आजवर जमलंच नव्हतं. त्याचा हात उठला आणि माशी मानेवर चिरडली.

मेलेल्या माशीचा वास बाकीच्यांना कळतो. सातांतलं एक मोहोळ उठलं. राणोजीनं अंगावरचं घोंगडं काढलं, दोन्ही पोरांना त्याच्याखाली ढकललं आणि वर स्वतः पालथा पडला. घोंगड्याखाली हैबतीला फक्त घोंघाव ऐकू येत होता आणि बापाचं वजन जाणवत होतं. मग घोंघाव थांबला आणि वजन वाढलं.

गावानं सुभानला एक शब्द विचारला नाही. आई काशाईनंही विचारला नाही. पण त्या दिवसापासून सुभानच जेवायचा थांबला. हाताला तो म्हणे, "तू उठलास. तू का उठलास?" आणि हात उखळात घालून मुसळ घ्यायला निघे. काशाईनं मुसळ माळ्यावर लपवलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी एक नाथपंथी जोगी गावात आला. कानात मुद्रा, खांद्याला झोळी, पायाला भेगा. चार महिने देवळात राहीन म्हणाला. सुभान त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, माझा हात माझं ऐकत न्हाई."

जोगी भाकरी खात होता. त्यानं वर पाहिलं. "कोणाचाच ऐकत न्हाई बाबा. बस खाली."

"बसताच येत न्हाई."

"मग तिथनंच सुरू करू."

जोग्यानं त्याला ना मंत्र दिला ना माळ. त्यानं त्याला सिद्धासनात बसवलं, पाठ ताठ केली, नाकाच्या शेंड्याला गुळाचं बोट लावलं आणि म्हणाला, "माशी येईल. बसेल. जाईल. ती गेली की तू उठ." पहिल्या दिवशी माशी यायच्या आधीच सुभान उठला. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा उठला. महिन्याभरानं माशी बसली, नाकभर फिरली, पाय पुसले आणि गेली, आणि सुभान बसलेलाच होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बसलेला होता. मग मुंग्या झाल्या. मग भुकेल्या पोटी पुढ्यात गरम भाकरी ठेवून तिची वाफ जाईपर्यंत बसणं झालं. मग श्वास. चार मोजेपर्यंत घ्यायचा, सोळा मोजेपर्यंत धरायचा, आठ मोजेपर्यंत सोडायचा. "श्वास म्हंजे वेसण," जोगी सांगे. "बैल केवढाही असू दे, वेसण दोन बोटांनी धरतात."

हैबती हे सगळं देवळाच्या खांबाआडून बघे. त्याला यातलं काही कळत नसे. दादा होता तो दादा नाही आणि नवा कोण आहे ते समजत नाही, असं त्याला होई. पूर्वी दादा त्याच्याशी कुस्ती खेळे. आता दादाला गुदगुल्या केल्या तरी दादा नुसता हसे, तेही आठ मोजेपर्यंत. हैबतीला अभिमान वाटे आणि रागही येई, आणि दोन्ही एकदम आले की तो काहीतरी फोडून ठेवी.

चार महिने झाले तसा जोगी झोळी उचलून निघाला. सुभान त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेला. तिथं त्यानं एक प्रश्न विचारला आणि जोग्यानं काहीतरी उत्तर दिलं, असं म्हणतात. ते काय होतं, ते पुढे येईल.

त्यानंतर सात वर्षं सुभाननं नेम मोडला नाही. रोज पहाटे अंघोळ करून तो कड्याखालच्या सपाट शिळेवर बसे. आधी माशा घोंघावत येत. मग येईनाशा झाल्या. मग पुन्हा येऊ लागल्या, पण झाडावर बसाव्यात तशा त्याच्या अंगावर बसत. गाव त्याला चुळबुळ्या म्हणायचं विसरलं आणि थिरोबा म्हणू लागलं. थिरोबाच्या श्वासाबरोबर कुंडातलं पाणी वर खाली होई, असं म्हणतात. चिमण्यांनी त्याच्या जटेत घरटं बांधलं आणि पिल्लं उडेपर्यंत त्यानं मान वळवली नाही, असंही म्हणतात. काशाईला हे सांगितलं की ती म्हणे, "जटा कुटली? दर पंधरवड्याला मीच डोकं करायला बसवते त्याला न्हाव्याफुडं."

एकदाच घोळ झाला. हैबतीचं लग्न ठरायचं होतं, पाहुणे दारात आले आणि दादा शिळेवर. हैबती धावत कड्याखाली गेला आणि विचार यायच्या आधी त्याचं तोंड उघडलं. "दादा! आरं ऊठ की! पाव्हणं आलं!"

सुभानचा श्वास तुटला. खांदा हलला. खांद्यावरची माशी दचकली, आणि वरचं एक मोहोळ उठलं. दोघे भाऊ कुंडात उड्या टाकून वाचले. पण घरचा म्हातारा बैल पवळ्या कुंडाजवळच्या बाभळीला बांधलेला होता. त्याला दावं तोडता आलं नाही. पाहुणे त्याच पावली परत गेले. हैबतीला लग्नाचं काही वाटलं नाही. पवळ्याच्या मानेवर डोकं ठेवून तो दिवसभर पडून राहिला. संध्याकाळी दादा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा गेलं तवा माझा हात उठला. आज तुझी जीभ उठली. आपण एकाच मातीचं."

हैबतीनं तेव्हा पवळ्याची शपथ घेतली, की दादा बसलेला असताना मी पुन्हा हाक मारणार नाही.

मग ते वर्ष आलं. पावसाळ्यात कड्याचा एक धोंडा सुटला आणि थेट टाक्याच्या तोंडात जाऊन बसला. पावसाळा होता तोवर कुणाला काही कळलं नाही. पण चैत्र लागला, विहिरी आटल्या आणि कड्यावरून पाण्याचा थेंब येईना. वैशाखात गुरं पडू लागली. बाया दोन कोस चालून चिखल गाळून आणू लागल्या. एक बाळंतीण वाटेतच गेली. पाटील जानराव म्हणाला, टेंभे पेटवू, माशा जाळू, वर चढू. तेव्हा काशाई चावडीपुढे आली. बाई माणूस चावडीवर यायची रीत नव्हती, पण तिला अडवायचं कुणी?

"एक माशी मारली तर माझ्या घरातला एक माणूस गेला," ती म्हणाली. "सात मोहोळं जाळा. आन् मग मोजायला कोण ऱ्हाईल ते ठरवून ठेवा."

 मग सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. सुभान देवळाच्या पायरीवर बसला होता. कुणी त्याला जा म्हणालं नाही. त्यानंही जातो म्हटलं नाही. त्यानं फक्त आईकडे पाहिलं, आणि काशाईनं डोळे मिटले.

वैशाख वद्य नवमीला दिवस उगवताना दोघे भाऊ कड्याखाली आले. सुभाननं कोरड्या कुंडातून दोन गोल खडे उचलले. एक आपल्या जिभेखाली ठेवायला, एक हैबतीला.

"हा खडा तोंडात हाय तवर हाक न्हाई," तो म्हणाला. "मी श्वासावर धोंडा सारणार. श्वास तुटला तर मी तर जाईनच, पण उठलेलं मोहोळ गावात उतरंल. कळलं?"

"कळलं."

"मी आपणहून खाली येईन."

"आन् न्हाई आलास तर?"

सुभान हसला. "तर तुझ्या वाटणीची भाकरी पण माझ्यासाठी ठेव."

हे उत्तर होतं का थट्टा, ते हैबतीला विचारायचं होतं. पण तोवर दादानं खडा तोंडात टाकला होता आणि तो चढू लागला होता.

गाव दूर वडाखाली उभं राहिलं. हैबती एकटा कड्याच्या जवळ, खडा जिभेखाली, मुठी आवळून. सुभान कपारीत पोचला. सात मोहोळं त्याच्या डोक्यावर हातभर. तो धोंड्याला खांदा लावून बसला आणि त्यानं श्वास धरला. मग सोडला. दर श्वास सोडताना धोंडा जवाच्या दाण्याएवढा सरके, असं म्हणतात. माशा उतरल्या. आधी चार, मग चाळीस, मग सुभान दिसेनासा झाला. कपारीत आठवं मोहोळ लटकल्यासारखं दिसू लागलं. त्या मोहोळाला माणसाचा आकार होता आणि तो आकार अगदी हळू फुगत होता आणि अगदी हळू ओसरत होता.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा खडकाच्या पोटात काहीतरी हुंदक्यासारखं वाजलं, आणि पाणी आलं. आधी काळं, मग तांबडं, मग स्वच्छ. कुंड भरलं. कुणी ओरडलं नाही. सगळं गाव तोंडावर हात धरून रडलं. गुरं पाणी प्यायली, लेकरं प्यायली, बायांनी घागरी भरल्या. आणि सुभान खाली आला नाही.

दिवस कलला. तो आकार बसलेलाच. हैबती जानरावाकडे आला, खडा गालात सारून पुटपुटला, "दादा का येत न्हाई?"

"समाधी लागली," पाटील म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती का भक्ती, सांगणं कठीण. "शब्द काढू नगंस."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाड्यांमधून माणसं आली. नारळ, हळदकुंकू, उदबत्त्या. उदबत्त्या मात्र काशाईनं पेटवू दिल्या नाहीत. माणसं वडाखालून हात जोडत आणि म्हणत, केवढं हे मनाचं बळ. हैबती कधी त्यांच्याकडे बघे, कधी वर बघे. आकार फुगतो आहे का? काल फुगत होता तसा? कधी वाटे हो, कधी वाटे माशांचीच हालचाल आहे. दुपारी त्यानं खडा तोंडातून हातात घेतला. छाती भरली. द हे अक्षर ओठांवर आलं.

मागून कुणीतरी ओरडल्यासारखं कुजबुजलं, "मूर्खा, गाव मारतोस का?"

त्याला पवळ्या आठवला. त्याला शपथ आठवली. दादानं सात वर्षांत जे कमावलं ते आपण एका हाकेनं मोडायचं का? आणि न मारावी हाक तर? कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगणारा वर बसला होता.

हैबतीनं खडा परत तोंडात ठेवला. कुणी त्याचा हात धरला नव्हता. त्यानं स्वतःच ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्याची जीभ त्याचं ऐकत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी साती मोहोळांच्या माशा एकदम उठल्या. गाव घरांत पळालं. पण माशा गावाकडे वळल्या नाहीत. त्यांनी कपारीभोवती तीन फेऱ्या घातल्या आणि डोंगरापलीकडे निघून गेल्या, असं म्हणतात.

हैबती वर चढला. दादा धोंड्याला टेकून बसला होता, पाठ ताठ, डोळे मिटलेले. अंगावर एकही दंश नव्हता. पण सरलेला धोंडा त्याच्या डाव्या मांडीवर बसला होता. पाण्याला वाट करून देताना तो कलंडला असणार. एकट्यानं काढण्यासारखा नव्हता, दोघांनी काढता आला असता. दादा गार होता. किती वेळापासून, ते अंगावरून पाणी वाहत असल्यामुळे कळत नव्हतं. आणि त्याचा खडा तोंडात नव्हता. उजव्या हाताच्या उघड्या तळव्यावर होता.

हैबती त्या खड्याकडे बघत बसला. दादानं खडा तोंडातून काढला होता. हाक मारायला काढला होता? का कुणी हाक मारली तर ओ द्यायला काढून ठेवला होता? का शेवटी नुसता पडला होता? त्यानं दादाचा तळवा पाहिला, ओठ पाहिले, पुन्हा तळवा पाहिला. दादाचा चेहरा शांत होता. त्याचा चेहरा सात वर्षं शांतच होता. त्यावरून काही कळायचं नाही.

खाली गाव थिरोबाचा जयजयकार करत होतं. आता ओरडायला कसली भीती नव्हती.

तेराव्या दिवसानंतर हैबती जोग्याला शोधायला निघाला. तीन घाट उतरला, दोन नद्या ओलांडल्या, ज्याला त्याला कानातल्या मुद्रा हातानं दाखवून विचारत गेला. शेवटी एका जत्रेच्या गावात जोगी सापडला. म्हातारा झाला होता. भाकरी खात होता. हैबतीनं त्याच्या हातातली भाकरी हिसकली आणि धुळीत फेकली.

"घरात एकजण हलला म्हणून बाप गेला," तो म्हणाला. "एकजण हलला न्हाई म्हणून दादा गेला. मग माणसानं करायचं काय? सांग. तूच शिकवलंस न्हवं? सांग!"

जोग्यानं सगळं ऐकलं. धोंडा, खडा, तीन दिवस. 

"मला ठावं न्हाई," तो म्हणाला.

हैबतीनं त्याची कफनी धरली. "ठावं न्हाई?"

"न्हाई. बसायला मला येतं, तेवढं मी शिकवलं. निघताना वेशीवर त्यानं इच्यारलं होतं, महाराज, बसलेल्यानं उठायचं कवा? मी म्हणालो, फुडल्या खेपेला सांगतो."

"आन् फुडली खेप?"

"झाली न्हाई. मलाच ठावं न्हवतं, तर येऊन काय सांगू?"

हैबतीनं कफनी सोडली. दोघे धुळीत समोरासमोर बसले. जत्रेतला पिपाणीवाला वाजवत वाजवत त्यांच्यामधून गेला.

"आता सांग," हैबती म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मला सांग. उठायचं कवा?"

"कुणी बोलावलं की," जोगी म्हणाला. "असंल कदाचित. मला कुणी बोलावलं न्हाई. म्हणून तर अजून फिरतोय." मग त्यानं भाकरी उचलली, धूळ झटकली, अर्धी मोडून हैबतीपुढे धरली. हैबतीला ती घ्यावी का थोबाडीत मारावी, कळेना. त्यानं घेतली.

तो घरी परतला तेव्हा पावसाळा सरून गेला होता, आणि मोहोळं परत आली होती. सातच्या सात, आपापल्या जागी. काशाईनं चूल पेटवली होती. तिनं तीन भाकऱ्या थापल्या. पोटचा पोर एवढ्या दिवसांनी दारात उभा, पण ती कुठं होतास म्हणाली नाही.

"जा," ती म्हणाली. "दादाला हाक मार. भाकरी निवतीया."

"आये..."

"जा म्हणते ना. किती येळ बसंल त्यो? भूक लागली आसंल."

हैबतीला वाटलं, आईचं डोकं फिरलं. मग वाटलं, फिरलं असेल तर बरंच आहे. मग काही वाटेनासं झालं आणि पाय आपोआप चालू लागले. भर दुपारी तो कड्याखाली जाऊन उभा राहिला. कुंडावर दोन बाया होत्या. त्याचं तोंड बघून त्यांनी घागरी टाकल्या आणि गावाकडे पळत सुटल्या. गावानं दारं लावली, घोंगडी पांघरली.

हैबतीनं छाती भरली.

"दादा, ऊठ! जेवायला चल!"

हाक कड्यावर आपटली आणि दरीभर फिरली. त्यानं डोळे मिटून वाट पाहिली. घोंघाव आला नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, घसा फाटेस्तोवर. सातही मोहोळं तशीच लटकून राहिली. एक माशी उठली नाही.

गाव दारं उघडून बाहेर आलं आणि म्हणालं, थिरोबाचा चमत्कार! त्यानं माशांना शांत केलं! माणसं नाचली, गुलाल उधळला. आणि हैबती शिळेवर कोसळला आणि त्यानं दगडावर डोकं आपटून घेतलं. लोकांना वाटलं, आनंद झाला. काशाई तेवढी जवळ बसली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कारण तिला कळलं होतं. आज माशा उठल्या नाहीत. मग त्या दिवशीही उठल्या नसत्या का? का दादा गेला म्हणून आता उठत नाहीत? तो जिवंत होता तेव्हा हाकेनं त्याला मारलं असतं का वाचवलं असतं? कुणाला विचारावं? ज्याला ठाऊक होतं त्याचा तळवा उघडा होता, आणि त्यात फक्त एक खडा होता.

हैबतीनं त्यानंतर जन्मभर रोज दुपारी कड्याखाली जाऊन तीन हाका मारल्या. लग्न झालं, पोरं झाली, केस पिकले. हाक चुकली नाही. लोक म्हणत, थिरोबानं बसायचा नेम केला, हैबतीनं हाकेचा, आणि दोन्हींत अवघड कोणता ते देवालाच ठाऊक. म्हातारपणी एकदा कुणी त्याला विचारलं, आबा, ओ येते का हो? त्यानं विचारणाऱ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा कुणी विचारलं नाही.

आजही टाकेदरीत कुणी आसन घालून बसला तर त्याला एकटं बसू देत नाहीत. म्हातारा असो, शाळेतलं पोर असो, कुणीतरी दाराशी राहतंच, आणि जेवायची वेळ झाली की हाक मारतंच. बसणाऱ्यानं ओ द्यायची. कितीही गोडी लागली असली, कितीही खोल गेला असला, तरी तिसऱ्या हाकेच्या आत ओ द्यायची. ती दिली नाही तर दार ढकलून आत जायचं, मग नेम मोडो नाहीतर जग बुडो. टाकेदरीत मनाचं बळ पारखायची हीच रीत आहे. किती वेळ बसला ते तिथं कुणी विचारत नाही. कितव्या हाकेला उठला, ते विचारतात.

आणि वैशाख वद्य नवमीला सगळं गाव दिवस उगवताना कड्याखाली बसतं. प्रत्येकाच्या जिभेखाली कुंडातला एकेक खडा. पाठी ताठ, डोळे मिटलेले, श्वास चार, सोळा, आठ. सूर्य डोक्यावर आला की धाकटी भावंडं येतात आणि आपापल्या थोरल्यांना हाक मारतात. ए ताई, ऊठ. ए दादा, चल. ए अण्णा, भाकरी निवतेय. आणि एकेक जण खडा तळव्यावर घेतो, म्हणतो, "ओ," आणि खडा कुंडाच्या काठावर ठेवून जेवायला उठतो. काठावर खड्यांचा ढीग आता माणसाच्या कमरेएवढा झाला आहे.

शेवटी सपाट शिळा तेवढी रिकामी उरते. हैबतीच्या घराण्यातला जो सगळ्यांत धाकटा असेल, तो पुढे होतो आणि तीनदा हाक मारतो. तेवढा वेळ कुणी पान वाढत नाही, कुणी हलत नाही, लेकराच्या तोंडाशी पदर धरावा लागत नाही. वर सात मोहोळं, खाली पाण्याचा आवाज. कुणी म्हणतं, ओ येते. कुणी म्हणतं, तो पाण्याचाच आवाज. हाक मारणाऱ्याला मात्र विचारायचं नसतं.

मग त्याच्या पानात दोन भाकऱ्या वाढतात. एक तो खातो. दुसरी शिळेवर ठेवतात, वाफ जाईपर्यंत.